शेवटची सोळा पानं

बाई,

एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती गंभीरपणे ऐकून घेईल असं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. काही आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, जेवून पंख्याखाली उताणा पडलो असताना एका मराठी कादंबरीनं माझ्या नाकावर हल्ला केला. पुठ्ठ्याची बांधणी, पाचशेच्या वर पानं, शिवाय लेखकाचं मनोगत, आणि तेही वजनाला काही कमी नाही. चष्म्याची दांडी वाकली, नाकाच्या शेंड्यावर ओरखडा आला. चष्मेवाल्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "साहेब, कुणाशी झालं काय?" मी म्हणालो, वाचत होतो. त्यानं दांडी सरळ करताना दोनदा नाकाकडं बघितलं. आता चष्मा डावीकडं जरा कलतो आणि सगळं शहर जालना रोडच्या बाजूला झुकल्यासारखं दिसतं. सिमेंटच्या पोत्यावर छापतात तशी जाड कादंबरीवरही सूचना छापायला हवी, असं माझं मत झालं आहे. माणसं ताठ बसून कादंबऱ्या वाचतात, हा प्रकाशकांचा गोड गैरसमज आहे. पोट भरल्याशिवाय आणि पाठ टेकल्याशिवाय आपल्याकडं पाचशे पानांच्या वाटेला कोण जातो?

तुम्ही असता तर एवढंच विचारलं असतं, "झोप लागली होती ना?" लागली होती.

तुम्ही गेलात तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं. नळाला रोज पाणी तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. मी आठवड्यातून एकदा पेपरात लोकांची टिंगल करतो आणि त्याबद्दल मला हारतुरे मिळतात. एवढं सांगितलं की मधल्या वर्षांचा वृत्तांत संपला. आता त्या कादंबरीचं सांगतो, कारण ती तुमच्याच विद्यार्थ्यानं लिहिली आहे. आमच्या वर्गातला, सिल्लोडहून मामाकडं शिकायला आलेला, शेवटच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसणारा तो. तो आता शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर बघतो. कित्येक वर्षं कामावर जायच्या आधी पहाटे उठून त्यानं ही कादंबरी लिहिली. लग्न होऊन शहरात आलेली एक लेक एके दिवशी एसटीत बसून सिल्लोडला माहेरी निघते, एवढीच गोष्ट. छापून आल्याबरोबर पहिली प्रत मला दिली आणि दर आठवड्याला फोन सुरू केला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. थेट, "कुठपर्यंत आलास?"

मी शहाण्णव पानांपर्यंत आलो होतो. पुढं जाववेना. बसमध्ये जो चढेल त्याचा आजा, पणजा, त्यांची भाऊबंदकी, बांधावरची बाभळ, सगळं येतं. शहाण्णव पानं झाली तरी बस वाटेतल्या फुलंब्रीलासुद्धा पोचलेली नाही. आमच्याकडं पुस्तक कधी सोडायचं याबद्दल दोन पंथ आहेत. बायको म्हणते, स्वयंपाक खोटा निघाला की सोडायचं. ज्या कादंबरीत घरची सून सकाळी सहाला उठून सातपर्यंत पुरणपोळ्या करून मोकळी होते, त्या लेखकाचं पुढचं काहीही ती खरं धरत नाही. माझं वेगळं. उरलेली पानं अंगठ्यानं चाचपून बघायला लागलो की सोडतो. शहाण्णव पानावर माझा अंगठा मागच्या पुठ्ठ्यापर्यंत जाऊन आला. सोडली. सोडण्यात मला तेव्हाही काही गैर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लाज वाटायची आहे ती पुढच्या गोष्टीची.

त्यानं प्रकाशन समारंभ ठेवला. क्रांती चौकाजवळचा हॉल, शंभर खुर्च्या, त्यातल्या पुढच्या बऱ्याचशा भरलेल्या, आणि प्रमुख पाहुणा मी. हॉलवर जाताना रिक्षात मी कादंबरीचं शेवटचं पान उघडलं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. मनोगत, पहिलं प्रकरण आणि शेवटचं पान एवढ्यावर माणूस पाऊण तास बोलू शकतो. शेवटच्या पानावर बस फुलंब्रीत टपरीपाशी उभी होती, ड्रायव्हर बशीत चहा ओतून घेत होता आणि ती लेक खिडकीतून बघत होती. मला एकदम सापडलंच. स्टेजवर उभा राहून मी म्हणालो, "मित्रहो, ही बस पोचत नाही. पाचशे पानांनंतरही ती फुलंब्रीतच उभी आहे. लेखकानं आपल्याला मुक्कामाला नेण्याचं नाकारलं आहे, आणि हे नाकारणं हीच या कादंबरीची ताकद आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या निवृत्त प्राध्यापकांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणजे त्यांनीही वाचली नव्हती. तुमचा विद्यार्थी खांद्यावरची शाल सावरत माझ्याकडं बघत होता, तोंड किंचित उघडं. मला वाटलं, भारावलाय.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी तो स्कूटरवरून घरी आला. हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. सुट्या छापील पानांचे गठ्ठे, ब्लेड, ब्रश, आणि डब्यात कालवलेली खळ.

"बायंडरनं घोळ केला," तो म्हणाला. "सोळा-सोळा पानांचा एक फर्मा असतो ना, तसे फर्मे एकावर एक शिवतात. शेवटचा फर्मा लावायच्या जागी त्या बाबानं मधलाच फर्मा दुसऱ्यांदा लावला. फुलंब्रीची सोळा पानं दोनदा, आन् शेवटची सोळा पानं गायब."

"तुझ्या प्रतीत?"

"समद्यांच्या. जेवढ्या वाटल्या तेवढ्या. एकानं बी फोन केला नाय." ब्लेड कागदात गुंडाळलेलं होतं, ते तो सोडवत होता. "तू तेवढा बोललास."

"मी?"

"भाषणात. मला आधी कळंना, हा फुलंब्री-फुलंब्री काय करून राहिला. माझी लेक तर पोचती सिल्लोडला. घरी आलो, मागचं पान उघडलं, तर फुलंब्रीच. खाली पानाचा नंबर बी तोच, एकशे चव्वेचाळीस. मग उजेड पडला. चार लोकांत माझी फजिती नको म्हणून तू असं वळणावळणानं सांगितलंस. यार, शेवटापर्यंत जाणारा तू एकटाच निघालास."

बाई, माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात चहाची गाळणी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी टेबलावरच्या खळीकडं बघू लागलो. तिनं त्याचा कप त्याच्यापुढं ठेवला, आणि माझा ठेवताना थोडा चहा बशीत सांडला. ती चहा कधी सांडत नाही.

तो मन लावून काम करत होता. चुकीची सोळा पानं त्यानं शिवणीपासून कापून काढली, खरी सोळा पानं ब्रशनं खळ लावून बसवली, अंगठ्यानं दाबत दाबत वरपासून खालपर्यंत आला. असाच तो घरोघर हिंडत होता. आमच्या आधी सिडकोतली काही घरं झाली होती. एका ठिकाणी म्हणे कादंबरी दाराला अडणा म्हणून लावली होती. त्यांनी ती तिथून काढली, त्याच्याकडून दुरुस्त करून घेतली, आभार मानले, आणि तो जिना उतरत असताना त्याला दार अडवल्याचा आवाज आला. हे सांगून तो हसला. मीही हसलो, कारण एरवी असल्या गोष्टीवर मी आठवड्याचा लेख पाडला असता.

"वैनी, घरात पाटा हाय का? वजन ठेवायला लागंल."

"गव्हाचा डबा आहे," बायको म्हणाली.

डबा कादंबरीवर ठेवला गेला. "उद्यापर्यंत उघडू नको बरं का," तो मला म्हणाला. मी म्हणालो, नाही उघडत. त्या संध्याकाळी मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

मग जाता जाता, चपला घालताना, त्यानं खरं सांगितलं. कंपनीनं मुदतीआधी निवृत्त होण्याची योजना काढली आहे, महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यायचा. "बायको नको म्हणती. पोरगी अजून शिकायलीय. पण दुसरा भाग डोक्यात तयार बसलाय रे. पहाटं पहाटं दोन तासांत कुठं व्हतंय. मी तिला म्हणलं, ज्यानं पुरती वाचली तो शंभर लोकांत म्हणला की ताकद हाय. मग आता भ्यायचं कशाला?"

दार लावून मी वळलो तर बायको समोर.

"किती वाचली?"

"शहाण्णव पानं."

"आणि तो नोकरी सोडणार."

"म्हणतोय तसं."

"तुमच्या शहाण्णव पानांवर," ती म्हणाली आणि डब्याखालची कादंबरी सरळ करून आत गेली.

तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. शनिवारचा वाचनाचा तास आठवतो. लोखंडी कपाट उघडलेलं, आम्ही ओळीनं उभे, आणि तुमचा तो नियम. पुस्तक अर्धवट परत करायला तुमची हरकत नसायची. फक्त परत करताना लेखकाला तोंडावर सांगावं लागायचं. लेखक म्हणजे तुम्ही. तुम्ही खुर्चीत बसायचात, पुस्तक मांडीवर घ्यायचात आणि एकदम परक्या माणसासारख्या बोलायला लागायचात. "बोला, कुठं सोडलंत आमचं पुस्तक? काय खटकलं?" पोरांची बोबडी वळायची. निम्मा वर्ग त्या भीतीनं पुस्तकं पूर्ण करायचा. मला मात्र तो तास जत्रेसारखा वाटायचा. मी सातवीत असेन. एक ऐतिहासिक कादंबरी घेऊन पुढं येतो आणि म्हणतो, "लेखकमहाशय, तुमचा नायक तिसाव्या पानावर घोड्यावर बसला तो साठाव्या पानापर्यंत उतरलेला नाही, घोडा थकला म्हणून मी उतरलो." वर्ग लोळतो. मी मान वर करून तुमच्याकडं बघतो, शाबासकीसाठी. तुम्ही हसत नाही. "पान सांगितलंत," तुम्ही त्याच परक्या आवाजात म्हणता, "कारण सांगितलं नाहीत. ह्यांना हसवलंत. मी विचारलं होतं." मग मला जागेवर जायला सांगता, आणि पुस्तक कपाटात न ठेवता टेबलावर बाजूला ठेवता.

माझ्यामागं तो सिल्लोडचा उभा असतो. त्यानं दोन महिने एकच पुस्तक ठेवून घेतलेलं असतं, ज्याची पहिली दहा पानंसुद्धा आमच्यातल्या कुणाला गिळता आली नव्हती. तुम्ही त्याला तुमच्या नेहमीच्या आवाजात विचारता, "अरे, आवडलं नाही तर सोडायचं की." तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणतो, "आवडलं नाय बाई. पण येवढं लिहिलंय माणसानं, तर पुढं कायतरी आसंल ना." पोरं हसतात. तुम्ही त्याला सांगता की पुढं काही नसलं तरी चालतं, सोडता आलं पाहिजे. हे मला नीट आठवतं, कारण पुढं लोकांनी तुम्हाला चिकाटी शिकवणाऱ्या बाई करून टाकलं. तुम्ही चिकाटी शिकवत नव्हता. सोडताना तोंड लपवायचं नाही, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

आता ज्याला मी टाळतोय त्या दिवसाकडं येतो. तुम्ही निवृत्त होऊन सिडकोतल्या घरी होता. माझं पहिलं पुस्तक आलं होतं, विनोदी लेखांचं, आणि गावभर त्याचं कौतुक चाललं होतं. मी तुम्हाला प्रत देऊन गेलो होतो, आणि पंधरा दिवसांनी कौतुकाचा वाटा वसूल करायला आलो. तुम्ही ओट्याशी धपाटे थापत होता. तब्येत उतरली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मला पाट दिलात, ताटलीत गरम धपाटा, दही, वर तिळाची चटणी. मी खायला लागलो आणि तुम्ही तव्यावरून नजर न काढता म्हणालात, "तुझं पुस्तक मी सोडलं रे. चौऱ्याहत्तराव्या पानावर." मला वाटलं चेष्टा. मग तुम्ही कारण सांगितलंत. "तुझ्या पुस्तकात कितीतरी माणसं येतात. शिपाई, नगरसेवक, तुझा तो घरमालक. पण एकालाही तू आत येऊ देत नाहीस. उंबऱ्यावरच काहीतरी टोमणा मारून परत पाठवतोस. चौऱ्याहत्तर पानं मी दार उघडायची वाट बघितली." आणि धपाटा उलटलात.

मी काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "बाई, पुढच्या पानावर दार होतं." हसून म्हणालो. धपाटा पूर्ण खाल्ला, दुसरा घेतला, पाया पडलो, आणि पुन्हा तुमच्या घरी आलो नाही. तुमचं दुखणं वाढलं ते मला कळत होतं. हाच सिल्लोडचा दर रविवारी तुमच्याकडं यायचा, तुम्हाला वाचून दाखवायचा आणि मग मला फोन करायचा. "बाई विचारत होत्या." मी म्हणायचो, लेख द्यायचाय, पुढच्या आठवड्यात बघू. लेख देतच राहिलो.

तर असा मी, दुसऱ्याला पान आणि कारण सांगायला निघालो होतो. निघालो होतो म्हणजे लगेच नाही. आधी मी ती पळवाट काढून बघितली जी माझ्यासारखा कुणीही काढेल. महिनाअखेरपर्यंत कादंबरी खरोखरच वाचून टाकायची, म्हणजे भाषणातलं खोटं उशिरानं का होईना खरं होईल, आणि कोण जाणे, पुढं ताकद निघालीच तर बोलायलाच नको. म्हणून त्या रविवारी पंख्याखाली आडवा झालो आणि सत्त्याण्णव पानापासून सुरू केलं. एकशे आठव्या पानावर एका कंडक्टरच्या आत्याची सोयरीक चालू असताना नाकावर तो प्रकार झाला. उठून बसलो, चष्मा शोधला, आणि मला कळलं की मला ती वाचायची नाही. मला फक्त पकडलं जायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी मुकुंदवाडीच्या स्टॉपवर गेलो. तिथून त्याला कंपनीची बस मिळते. डब्याची पिशवी खांद्याला लावून तो उभा होता. मला बघून त्याला आनंदच झाला.

"एवढ्या सकाळी? काय, व्यायाम सुरू केलास काय?"

"अर्ज दिलास?"

"शुक्रवारी देणार."

"देऊ नको. म्हणजे दे, तुझं तू बघ. पण माझ्या बोलण्यावर देऊ नको. मी कादंबरी वाचलेली नाही. शहाण्णव पानावर सोडली. भाषणाच्या दिवशी रिक्षात शेवटचं पान बघितलं. मला वाटलं तोच शेवट आहे."

तो रस्त्याकडं बघत राहिला. शेंद्र्याकडं जाणाऱ्या गाड्या एकामागं एक जात होत्या. बाजूला उभी असलेली त्याच्या कंपनीतली दोन पोरं मोबाइलमध्ये होती.

"पानाखाली एकशे चव्वेचाळीस छापलं हुतं की," तो शेवटी म्हणाला.

"बघितलं नाही."

"कामून सोडली?"

बाई, माझ्या जिभेवर तेव्हा दोन विनोद तयार होते. दोन्ही चांगले होते. मी ते गिळले. म्हणालो, "मी त्या लेकीसाठी बसमध्ये चढलो होतो. ती माहेरी का निघालीय, घरी काय झालंय, ते मला ऐकायचं होतं. तू सगळ्यांचे आजे-पणजे सांगितलेस. ती मात्र खिडकीशी गप्प बसून आहे. शहाण्णव पानांत एक वाक्य बोलत नाही."

"बोलती पुढं."

"कुठं?"

"दोनशेच्या पुढं." मग जरा थांबून, "लई उशीर होतो काय?"

"मला झाला."

त्यानं डब्याची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. चिडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या चिडण्याची तयारी करून गेलो होतो.

"तुझं पहिलं पुस्तक मी पुरतं वाचलं," तो म्हणाला. "दोनदा."

"आवडलं?"

"नाय."

"मग बोलला नाहीस कधी."

"बाई बोलल्या ना. तू त्यांच्याकडं जायचं सोडलंस." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं, नाकावरच्या ओरखड्याकडं बघितलं असावं. "मला तू पायजे हुतास. म्हणून बोललो नाय."

बस आली. तो चढला, खिडकीची जागा मिळाली, पण त्यानं बाहेर बघितलं नाही. त्याच्या कंपनीतल्या पोरांपैकी एकानं मला हात केला, बहुतेक पेपरातल्या फोटोवरून ओळखलं असावं. मीही हात केला. हात वर करताना मला जी लाज वाटली ती कुठल्या लेखात बसवता येणार नाही.

त्यानंतर त्याचा दर आठवड्याचा फोन बंद झाला. पहिल्या आठवड्यात मी मोबाइल उलटा ठेवत होतो, दुसऱ्या आठवड्यात सुलटा ठेवायला लागलो. महिना संपल्यावर एकदा त्याचा फोन आला. "अर्ज नाय दिला," तो म्हणाला. "तुझ्यामुळं नाय. पोरीच्या परीक्षेमुळं." मी बरं म्हणालो. मागं स्टोअरमध्ये मालाची हातगाडी ढकलल्याचा आवाज येत होता. "शहाण्णवच म्हणालास ना?" मी हो म्हणालो. "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला. तो मला माफ करेल की नाही, मला माहीत नाही. तो पुस्तकं सोडत नाही, माणसांचं काय करतो ते अजून कळायचंय.

गेला आठवडाभर मी रोज सकाळी टेबलाशी ताठ बसून ती कादंबरी वाचली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता त्यानं कुणाचंही काही साधणार नव्हतं. काल संपली. तुम्हाला खोटं सांगत नाही, ती मोठी कादंबरी नाही. सोडली ते बरोबरच होतं, आणि आज पुन्हा हातात आली तर पुन्हा तिथंच सोडेन. कंडक्टरची आत्या साठ पानं खाते. पण दोनशे बाराव्या पानावर ती लेक शेजारच्या अनोळखी म्हातारीशी बोलायला लागते, आणि तेवढी दहा-बारा पानं मी एका बैठकीत वाचली, चहा निवला. शेवटची सोळा पानं जिथं चिकटवली आहेत तिथं खळीमुळं कागद जरा कडक झालाय, उलटताना कुरकुरतो. त्यात लेक सिल्लोडला पोचते. भर दुपारी. आई आतल्या खोलीत झोपलेली असते. लेक तिला उठवत नाही, पिशवी खाली ठेवून भिंतीशी बसून राहते. संपलं. वाक्यं लांबलचक आहेत, एक-दोन ठिकाणी मी पेन्सिल शोधली. पण पोचते.

वाचून झाल्याचं मी त्याला कळवलेलं नाही, कळवणारही नाही. कळवलं तर मी पुन्हा काहीतरी मागतोय असं होईल. बायकोनं विचारलं, "संपली?" मी मान हलवली. तिनं कादंबरी उचलून कपाटात उभी ठेवली.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, खणात राहील. फक्त एक गोष्ट, जी मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. मी पुन्हा तुमच्याकडं आलो नाही असं वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात एकदा आलो होतो. सिडकोत तुमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली, इंजिन बंद केलं. तुमची खिडकी तिथून दिसत होती, पडदा अर्धा ओढलेला होता आणि आतून सिल्लोडच्याचा तो रटाळ, एका सुरातला वाचण्याचा आवाज येत होता. पान संपेपर्यंत मी ऐकलं. मग किक मारली आणि परत गेलो.